आजोबांचा बी-२७५ शिकायचाय, सुरुवात कुठून करू?

नेवाशाची_माती
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं गाव नेवासा तालुक्यात. साडेचार एकर रान, दीड एकर ऊस, बाकी कपाशी, गहू असं चालू असतं. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आजोबांचा महिंद्रा बी-२७५ उभा आहे, गावात त्याला अजून सगळे 'इंटरनॅशनल'च म्हणतात. आजोबांनी १९७१ ला घेतला, तेव्हा नांगरटीला लोक घरी येऊन नंबर लावायचे म्हणे. नंतर बाबांनी चालवला. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो उभाच राहिला. मागच्या महिन्यात मेकॅनिक बोलावून डिझेल टाकी धुऊन घेतली, फिल्टर बदलले, नवी बॅटरी टाकली आणि एकदाचा तो चालू झाला. आवाज ऐकून बाबा काठी न घेता ओट्यावरून शेडपर्यंत चालत आले, हे मी कधी विसरणार नाही.

मी ३६ वर्षांची आहे, पुण्यात दहा वर्षं कार चालवतेय, ट्रॅक्टर मात्र कधीच नाही. दर शनिवार-रविवार गावी येते. बाबा शिकवायला तयार आहेत पण त्यांना वर चढता येत नाही. शेजारचे एक काका मदतीला आले. सेल्फचं बटण चालत नाहीये, तर त्यांनी चाकाजवळ खाली उभं राहून पान्याने सेल्फचे दोन नट जोडले आणि इंजिन चालू करून दाखवलं, म्हणाले गिअर तेवढा न्यूट्रलला आहे का बघत जा, बाकी सगळं कारसारखंच आहे. ते बघून माझ्या पोटात गोळा आला आणि मी त्या दिवशी हात लावला नाही.

तर कुठून सुरुवात करू? आधी काय दुरुस्त करून घेऊ? मला रोटाव्हेटर वगैरे लगेच नकोय, कल्टिव्हेटर आणि रिकामी ट्रॉली एवढं नीट जमलं तरी खूप आहे.

काळीमाती
ताई आधी मनापासून अभिनंदन. बी-२७५ म्हणजे आपल्याकडच्या ट्रॅक्टरचा मूळपुरुष म्हणा. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला हा ट्रॅक्टर बनायला लागला, म्हणून इंटरनॅशनल नाव लोकांच्या तोंडात बसलं. ३५ एचपीचं इंजिन, आठ गिअर पुढे दोन मागे. आमच्या काकांकडे होता, १९९८ ला विकला त्याची हळहळ आजपण आहे. जपा त्याला. शिकण्याचं जुनंलोखंड आप्पा सांगतील, त्यांनी मध्य प्रदेशात बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर केंद्रात ट्रेनिंग घेतलंय आणि जन्म गेलाय या कामात.

जुनंलोखंड
काळीमाती, आठवण काढलीस, बरं वाटलं. ताई, तुमच्या पोटात गोळा आला ना, तो बरोबर आला, त्याला जपा.

पहिली गोष्ट सेल्फची. खाली उभं राहून पान्याने सेल्फ मारणं आजपासून कायमचं बंद. मी सांगतो काय होतं ते. जुन्या ट्रॅक्टरला गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये अशी सोय एकतर नसते, किंवा असली तरी कुणीतरी कधीच वायर जोडून ती निकामी केलेली असते. तुम्ही उभ्या कुठे असता, तर मोठ्या चाकाच्या पुढे. न्यूट्रल आहे असं वाटतं पण दांडा खिळखिळा झालेला असतो, लो-हायचा (हळू-जलद चाल निवडायचा) दांडा वेगळा, घाईत एक बघितला दुसरा नाही बघितला. डिझेल इंजिन एका झटक्यात पेट घेतं आणि दीड टनाच्या आसपासचं ते धूड तुमच्या अंगावरूनच पुढे जातं, वर कुणीही नसतं थांबवायला. असे गेलेले दोन माणसं मला माहिती आहेत, दोघंही तीस-तीस वर्षांचे सराईत ड्रायव्हर होते. नवशिका माणूस घाबरून तरी बघतो, सराईताला सवय मारते. बटण, वायरिंग, सोलेनॉईड जे गेलं असेल ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. आणि नियम एकच, सीटवर बसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, कुणी कितीही सांगो.

दुसरी गोष्ट, कारसारखंच आहे हे वाक्य डोक्यातून काढून टाका. कारची सवय तीन ठिकाणी धोका देते.

एक, चावी. कारची चावी फिरवली की इंजिन बंद. या जुन्या डिझेलला चावीशी देणंघेणं नाही, चावी बंद करून खिशात घातली तरी ते चालूच राहणार. ते बंद होतं स्टॉपर ओढला की, कारण तो पंपातून डिझेल तोडतो. घाबरलेला माणूस जुन्या सवयीने चावीकडे हात नेतो आणि तेवढ्या वेळात ट्रॅक्टर विहिरीवर जातो. म्हणून पहिल्या दिवशी इंजिन न चालू करता नुसतं बसा आणि स्टॉपर डोळे मिटून शंभर वेळा हाताला सापडला पाहिजे. त्याची केबल गंजलेली असेल तर आधी ती बदला, सेल्फच्या पण आधी.

दोन, अ‍ॅक्सिलेटर. कारमध्ये पाय काढला की वेग उतरतो. ट्रॅक्टरचा हँड अ‍ॅक्सिलेटर जिथे ठेवाल तिथे गव्हर्नर इंजिन धरून ठेवतो, तुम्ही पाय काढा नाहीतर उतरून जा, तो त्याच चालीने चालत राहणार. चढ आला तर तो स्वतः जास्त डिझेल घेतो, उतार आला तर कमी. शेतात ही फार गुणाची गोष्ट आहे, नवशिक्याला मात्र वाटतं हा माझं ऐकतच नाही.

तीन, क्लच. याच्यावर वेगळं लिहितो, जेवायला बसलोय.

रानवारा
आप्पा लिहितील तोवर मी सांगते कारण ताई बाईमाणूस आहे आणि हे पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही. कपडे. ओढणी, साडीचा पदर, लांब वेणी, गळ्यातली लांब पोत, काही म्हणजे काही लोंबतं नको. माझ्या मावशीचा पदर मळणी यंत्राच्या शाफ्टमध्ये गेला होता, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागे फिरणारा दांडा, त्याला शाफ्ट जोडून यंत्र चालवतात) यंत्र चालू होतं, ती फक्त पलीकडचं पोतं घ्यायला वाकली. मामाने स्टॉपर ओढला म्हणून जीव वाचला पण उजवा हात कोपरापासून गेला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ, तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत दोन मीटर कापड गुंडाळून झालेलं असतं, हाताने ओढून सोडवणं शक्यच नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर लोक काढून फेकून देतात कारण ग्रीस मारायला अडचण होते. तुम्ही शाफ्ट वापराल तेव्हा कव्हर असल्याशिवाय वापरू नका. आणि फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जायचं नाही, चार पावलं जास्त पडली तरी फिरून जायचं.

पुरुषांच्या खांद्यावरचा टॉवेल पण तेवढाच धोकादायक आहे हे इथल्या सगळ्यांनी वाचा.

जुनंलोखंड
रानवारा ताईने सांगितलं ते माझ्या लिस्टमध्ये होतं पण इतकं नीट मला सांगता आलं नसतं.

आता क्लच. घाबरल्यावर क्लच दाबायचा ही कारची सवय सपाट रानात चालते, ट्रॅक्टर थांबतो. पण मागे भरलेली ट्रॉली आहे आणि तुम्ही उतारावर आहात, तिथे क्लच दाबला की इंजिनने धरून ठेवलेलं सगळं वजन सुटतं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलायला लागते. जुन्या गिअरबॉक्सचे गिअर चालत्या गाडीत पडत नाहीत, नुसता खर्रर्र आवाज येतो, म्हणजे उतारावर एकदा गिअर निघाला की तो परत पडत नाही हे धरूनच चाला. आमच्या लाईनीतला जुना नियम आहे, ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, आणि तो गिअर चढाच्या खाली उभं राहूनच, किंवा उताराच्या वर उभं राहूनच टाकायचा, अर्ध्यात नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार सोडणारे ड्रायव्हर ऊस वाहतुकीत बघितले असतील तुम्ही, ते अजिबात शिकू नका.

क्लच सोडायचा कसा, तर हळू. हे नुसतं सौम्यपणाचं सांगत नाही, याच्यामागे कारण आहे. मागची चाकं फिरली तर ट्रॅक्टर पुढे जातो. चाकं फिरायची जागाच नसेल, चिखलात रुतली असतील किंवा नांगर दगडात अडकला असेल, तर इंजिनची ताकद जाणार कुठे? ती ट्रॅक्टरलाच मागच्या धुऱ्याभोवती (अ‍ॅक्सलभोवती) फिरवते, पुढची चाकं उचलतात आणि तो ड्रायव्हरच्या अंगावर मागे उलथतो. पाऊण सेकंद. पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही तो परत येत नाही. माणसाला समजायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून रुतलेला ट्रॅक्टर चिडून, फुल अ‍ॅक्सिलेटर देऊन, झटक्याने क्लच सोडून काढायचा नाही. आणि आपल्याकडे मागच्या चाकांना आडवं लाकूड साखळीने बांधून बाहेर काढतात ना, ते तर कधीच करू नका. लाकूड जमिनीला टेकलं की चाक अडकलं, चाक अडकलं की ट्रॅक्टर उलथला. रुतला तर इंजिन बंद करा, मागून खोरं लावा, आणि जसे आत गेलात तसे रिव्हर्सने बाहेर या. रिव्हर्सला पुढची चाकं उचलत नाहीत. नाहीच जमलं तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

ओढायची साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला. टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) नाही, धुऱ्याला नाही. ओढ जितकी वर तितका ट्रॅक्टर लवकर मागे उलथतो.

पाणंद_रस्ता
एक वेगळं मत मांडू का, राग मानू नका कुणी. आम्ही सगळे बारा-तेरा वर्षांचे असताना वडलांच्या मांडीवर बसून, नंतर मडगार्डवर बसून शिकलो आणि आज शेत करतोय. ताईला इतकं सगळं एकदम सांगितलं तर ती वर बसणारच नाही. ट्रॅक्टर हातात आल्याशिवाय भीती जात नाही, माझं प्रामाणिक मत आहे की पहिल्याच दिवशी मोकळ्या रानात फिरवायला द्यावा.

जुनंलोखंड
भाऊ, राग कसला. भीती चालवल्यानेच जाते हे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणूनच मी त्यांना मोकळ्या रानातच पाठवणार आहे, फक्त दुसऱ्या दिवशी.

मडगार्डबद्दल मात्र मी ऐकणार नाही. माझा धाकटा भाऊ मडगार्डवरून पडला, १९८४ साली, मी चालवत होतो. चारीत चाक गेलं, झटका बसला, तो पुढे घसरला आणि मागच्या चाकाखाली आला. अकरा वर्षांचा होता. मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही. शिकवणाऱ्याने ट्रॅक्टरवर बसायचं नाही, त्याने दहा-पंधरा पावलांवर, बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं आणि हाताच्या खुणा ठरवून घ्यायच्या. हात वर म्हणजे थांब. एक सीट, एक माणूस.

पाणंद_रस्ता
आप्पा, मला माहीत नव्हतं. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, रोज मागे लागून मडगार्डवर बसतो. उद्यापासून नाही बसणार.

खाचर
सिंधुदुर्गातून लिहितोय. ताई तुमचं रान सपाट असेल पण बांध असतीलच ना, म्हणून चार शब्द. आमच्याकडे जास्त करून पॉवर टिलर, ट्रॅक्टर फक्त ज्यांची खाचरं मोठी त्यांच्याकडे, आणि इथले अपघात बहुतेक बाजूला कलंडून होतात. ट्रॅक्टरचं वजन उंचावर असतं, बांधाच्या कडेने जाताना एक चाक मऊ मातीत दाबलं आणि दुसरं दगडावर चढलं की झालं. बांधाच्या, चारीच्या, ओढ्याच्या काठापासून निदान त्या चारीच्या खोलीइतकं तरी अंतर ठेवायचं, चार फूट खोल असेल तर चार फूट, पावसात त्याहून जास्त, कारण ओली कड आतून पोकळ झालेली असते आणि वरून गवत छान दिसतं. कल्टिव्हेटर वर उचलून बांधाच्या कडेला वळायचं नाही, वर उचललेलं अवजार म्हणजे वजन अजून वर गेलं. शक्य तितकं खाली ठेवून, हळू, मोठा वळसा घेऊन.

आणि विहिरी. तुमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरी किती असतील. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला, सात जणी गेल्या. शिकायच्या आधी आपल्या आणि शेजारच्या रानातल्या सगळ्या विहिरी चालत जाऊन बघा, बांबू रोवून लाल फडकी लावा. ट्रॉलीत माणसं भरून तर कधीच नाही, ती मालाची आहे.

लेस्टरचा_शेतकरी
मी इंग्लंडमध्ये आहे, मूळ बारामती भाग. इथे एका फार्मवर काम करतो, मालकाकडे जुना राखाडी फर्ग्युसन टीई-२० आहे, तो फक्त जत्रेला काढतात. मला एवढंच सांगायचंय की ट्रॅक्टर उलथल्यावर ड्रायव्हर वाचवणारी एकच गोष्ट आहे, सीटमागची मजबूत लोखंडी कमान किंवा केबिन, आणि सोबत सीटबेल्ट. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली आणि तिथले उलथून होणारे मृत्यू खूप म्हणजे खूप खाली आले, मग बाकीचे देश त्या मार्गाने गेले.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. गावच्या गॅरेजमध्ये साधा पाइप वाकवून मडगार्डला वेल्ड केलेली कमान ही कमान नव्हे, उलटल्यावर ती माणसावरच मोडते, ती धुऱ्याच्या पेटीला बोल्टने बसणारी आणि चाचणी झालेल्या डिझाइनचीच हवी. आणि कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर सीटबेल्ट लावू नका, कारण मग तुम्ही त्याच्याखाली बांधलेले राहता. कमान नसेल तर उतार, बांध, जड ट्रॉली ही कामं दुसऱ्या नव्या ट्रॅक्टरला द्या. जुन्या यंत्रावर कितीही प्रेम असलं तरी त्याला झेपेल तेवढंच द्यायचं, माझा मालक हेच म्हणतो.

नेवाशाची_माती
सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पा, तुमच्या भावाचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

या शनिवार-रविवारचं सांगते. इलेक्ट्रिशियनने सेल्फचं बटण आणि एक जळकी वायर बदलली, आता सीटवरून चालू होतो. थंडीत हीटर थोडा वेळ लावावा लागतो असं बाबा म्हणाले, दाबून मनात वीस मोजायचे. स्टॉपरची केबल खरंच अर्धी गंजली होती, नवीन टाकली. ब्रेकचे दोन पेडल वेगळे आहेत, एक डाव्या चाकाचा एक उजव्या चाकाचा, आणि त्यांना जोडणारी पट्टीच गायब होती. ती वर्कशॉपमधून करून घेतली. बाबा म्हणाले नांगरताना टोकाला एकच ब्रेक मारून वळायचे म्हणून काढून ठेवली असणार. पट्टी नसताना रस्त्यावर वेगात एकच पेडल दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरतो हे त्यांनीच सांगितलं.

शनिवारी इंजिन बंद ठेवून दोन तास वर बसले. बाबा खुर्ची टाकून समोर. ते एकेक नाव घ्यायचे आणि मी न बघता हात लावायचा. स्टॉपर, हँड अ‍ॅक्सिलेटर, हायड्रॉलिकचा दांडा, पीटीओचा दांडा, लो-हाय. आजोबांनी त्यांना असंच शिकवलं होतं म्हणाले, शेजारच्या चिंचेखाली. मग थांबायचा सराव, क्लच आणि दोन्ही ब्रेक एकत्र, अ‍ॅक्सिलेटर खाली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, स्टॉपर. हे इतक्या वेळा केलं की रात्री झोपेत पाय हलत होते.

एक विचारायचं राहिलं. बाबा म्हणतात स्टेअरिंग धरताना अंगठे आत घालू नको, बाहेरून ठेव. का ते त्यांना सांगता येईना, आजोबा ओरडायचे एवढंच आठवतं.

जुनंलोखंड
तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग नाही, पुढचं चाक ढेकळाला किंवा दगडाला आदळलं की स्टेअरिंग हातातून झटक्याने उलटं फिरतं, अंगठा आत असेल तर आडवी दांडी तो मोडूनच जाते. अंगठे गोलाच्या बाहेर, हात सैल. तुमचं स्टेअरिंग किती ढिलं आहे तेही बघा, चार बोटांपेक्षा जास्त रिकामं फिरत असेल तर किंगपिन आणि स्टेअरिंग बॉक्स दाखवा.

चढताना-उतरताना नेहमी डाव्या बाजूने, तोंड ट्रॅक्टरकडे, उडी मारायची नाही. पायरीवरचा चिखल पुसायचा. उतरायच्या आधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, दरवेळी. अवजार वर उचलून ठेवलेलं असताना त्याच्याखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, जुन्या लिफ्टमधून तेल झिरपतं आणि ते हळूहळू किंवा एकदम खाली येतं. फाळ बदलायचे असतील तर खाली जाड ओंडका लावा. हातात असता तर मी तुमच्या लिफ्टचं तेल आणि सील पण बघितलं असतं.

काळीमाती
डिझेल संपू देऊ नका ताई, या जुन्या पंपात एकदा हवा शिरली की काढत बसावं लागतं. हवा काढताना नोझलच्या नळीपाशी बोट लावून प्रेशर बघू नका, ते डिझेल कातडीतून आत घुसतं, दिसायला टोचल्यासारखं बारीक दिसतं पण लगेच हॉस्पिटलात जायला लागतं. आमच्या काकांना तीन बोटांचं ऑपरेशन झालंय. रेडिएटरचं झाकण पण गरम असताना नाही.

नेवाशाची_माती
आज रविवार, संध्याकाळ. चालवला!!

कापूस काढून मोकळं झालेलं रान, वाफसा चांगला होता, काही अवजार लावलं नव्हतं. लो मध्ये पहिला गिअर, अ‍ॅक्सिलेटर अगदी खाली. क्लच सोडला आणि तो माणसाच्या चालीने निघाला, मला काहीच करावं लागलं नाही, फक्त सरळ ठेवायचं. पहिल्या वळणाला मी कारसारखं स्टेअरिंग फिरवलं तर तो वळायला फार वेळ घेतोय असं वाटलं, मग लक्षात आलं की वेग कमी आहे म्हणून, आणि तसंच चांगलं आहे. बाबा बांधावर खुर्चीत, मध्येच हात वर करायचे, अगदी कधीही, आणि मी पूर्ण थांबायचं. अठरा वेळा थांबवलं. एकदाच माझा हात चावीकडे गेला. आप्पा, तुम्ही म्हणालात ते तेच. त्या एका वेळेसाठी ते शंभर वेळा स्टॉपर शोधणं कामी आलं, लगेच हात वळला.

शेजारचे काका पण आले होते. मी त्यांना नवीन बटण दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण जाताना इलेक्ट्रिशियनचा नंबर घेऊन गेले.

पुढच्या आठवड्यात कल्टिव्हेटर जोडायचा आहे. कसा जोडू?

जुनंलोखंड
शाब्बास. जोडायला घाई नको. रिव्हर्सने हळू मागे या, ट्रॅक्टर आणि कल्टिव्हेटरच्या मध्ये कुणीही उभं नको, मदतीला आलेला माणूस बाजूला. बरोबर जागेवर आलात की थांबा, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, मग उतरा. आधी डावा खालचा हात लावा, मग उजवा, कारण उजव्याला उंची कमी-जास्त करायचा हँडल असतो, तो फिरवून पिन बसवता येते. सगळ्यात शेवटी टॉप लिंक. तीनही ठिकाणी लिंच पिन, खिळा किंवा तार नाही. सोडताना बरोबर उलटं. पहिल्या दिवशी नुसतं जोडा, उचला, खाली ठेवा, सोडा, असं पाच-सहा वेळा करा, नांगरट पुढच्या खेपेला.

रस्त्यावर यायच्या आधी लायसन्सवर ट्रॅक्टरचं बघून घ्या, विमा चालू आहे का ते बघा, ब्रेकची पट्टी जोडलेली, मागे लाल रिफ्लेक्टर, आणि अंधार पडायच्या आत घरी. ऊसाच्या हंगामात तर संध्याकाळच्या रस्त्यावर येऊच नका.

रानवारा
ताई, केस बांधून वर टोपी घातली होती का? फोटो टाका बाबांचा आणि ट्रॅक्टरचा.

नेवाशाची_माती
हो, केस आत खोचून रुमाल बांधला होता, बूट पण घेतले, चप्पल नाही. फोटो टाकते उद्या. बाबा आत्ता शेडमध्येच आहेत, रेडिएटरवरची धूळ पुसत बसलेत, जेवायला बोलावलं तरी येत नाहीयेत.